क्रूझच्या एका दिवसात माओरी गाव: जावं की नाही?

सांजवात

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन सिडनीहून न्यूझीलंडच्या क्रूझवर जाते आहे. आई सत्तरीची, बाबा पंचाहत्तरीचे. दोघं चालतात, पण दमतात. बोट एक दिवस टाउरंगाला लागणार आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. बोटीच्या सहलींच्या यादीत 'पारंपरिक माओरी गाव' अशी एक सहल आहे (माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी). बसनं रोटोरुआला नेतात, गाव दाखवतात, नाच-गाणं, जेवण आणि परत. किंमत बरीच आहे.

पैशाचं एक झालं. माझी खरी अडचण वेगळी आहे. तासाभरासाठी कुणाच्या तरी गावात शिरायचं, त्यांनी आपल्यासमोर नाचायचं, आपण फोटो काढायचे आणि निघायचं, हे मनाला पटत नाही. दुसरीकडे, न्यूझीलंडला जाऊन माओरी लोकांना न भेटता परतणं तर त्याहून वाईट. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं सांगावं. आणि जायचं तर बोटीचीच सहल घ्यावी की बाहेरून गाडी करावी?

निवांत

जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत. आम्ही बोटीच्याच सहलीनं गेलो होतो. तीन बसगाड्या एकदम रिकाम्या झाल्या. दारात स्वागत, मग मंचावर गाणी, मग दुकान. ज्या समारंभाला त्यांच्याकडे एवढं पावित्र्य आहे, तो घड्याळ लावून रोज होतो. तिकीट काढून झालेलं स्वागत हे स्वागत कसलं? तेवढ्या वेळात माउंट माउंगानुईच्या पायथ्याला समुद्रकिनाऱ्यावर फिरा. बंदर तिथंच आहे, चालत जाता येतं.

कोकणी मासा

किनारा कोकणातही आहे हो निवांतराव. :) इतक्या लांब जाऊन पुन्हा वाळूच?

ऑकलंडकर

सांजवातताई, पहिल्यांदा एक गोष्ट विचारून घ्या: सहल नेमक्या कुठल्या गावात नेते? 'माओरी गाव' या नावाखाली रोटोरुआत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि निम्मे गैरसमज त्यातूनच होतात.

एक, मुद्दाम उभारलेली गावं. युरोपीय लोक येण्याआधीचं गाव कसं असेल, ते झाडीत बांधून दाखवतात. तिथं कुणी राहत नाही. कार्यक्रम बहुतेक संध्याकाळचे, म्हणजे बोटवाल्यांच्या वेळेत बसत नाहीत. वाईट नसतात, पण ती रंगभूमी आहे.

दोन, 'ते पुइया' नावाचं ठिकाण ('ते' हा माओरी नावांचाच भाग असतो). पोहुतु गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा, इथं आहे, तासाला एक-दोनदा उसळतो, कधी तीस मीटरपर्यंत. लाकूडकाम, हाडावरचं कोरीवकाम आणि विणकाम शिकवणारी राष्ट्रीय संस्था याच आवारात आहे, १९६३च्या कायद्यानं स्थापन झालेली. विद्यार्थी समोर बसून कोरत असतात. २०२०मध्ये ही संस्था सरकारकडून इथल्या जमातींच्या मालकीत गेली.

तीन, त्याला लागून कुंपणापलीकडे फाकारेवारेवा. हे खरंखुरं राहतं गाव. तुहोउरांगी न्गाती वाहियाओ लोकांची घरं, सभागृह, दोन चर्च, दफनभूमी. गावातल्याच बायाबापड्या वाट दाखवतात आणि सांगतात, 'हे माझ्या मावशीचं घर.' वाफ अंगणातून निघते. जमीन इतकी तापलेली की मृतांना खाली पुरता येत नाही, थडगी जमिनीच्या वर बांधलेली आहेत.

तुमच्या मनातली टोचणी वाचून मी तरी तिसरं निवडेन. निवांत यांना सविस्तर उत्तर रात्री देतो, कामावर आहे.

बोरकूट

+१ फाकारेवारेवा. गंधकाचा वास येतो, पंधरा मिनिटांत नाक सरावतं. आईंना चांदीचे पैंजण, जोडवी, साखळी घालू नका म्हणावं. त्या हवेत चांदी काळी पडते. दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.

गवतीचहा

जेवणाचं काय? आमच्याकडे सगळे शाकाहारी. हांगी म्हणजे जमिनीत पुरून शिजवलेलं मांस ना?

बोरकूट

हांगीत मांस असतंच, कोंबडी, डुक्कर किंवा मेंढी. पण रताळं, बटाटा, लाल भोपळा, कोबीही असतो. एकाच टोपलीत वर-खाली ठेवलं तर भाज्यांना मांसाचा रस लागतो. म्हणून आरक्षण करतानाच शाकाहारी आहोत हे सांगायचं, वेगळं शिजवतात. तिथं जाऊन सांगितलंत तर काही करता येत नाही, सगळं सकाळीच वाफेवर चढलेलं असतं. फाकारेवारेवात खड्डा खणायची गरजच नसते, जमिनीतून येणाऱ्या वाफेवर लाकडी पेट्या बसवल्यात.

आणि कणीस! गावातल्या उकळत्या कुंडात कापडी पिशवीत घालून सोडतात, वर काढून लोणी लावून देतात. आमच्या मुलीनं दोन खाल्ली.

जैन_जयसिंगपूर

कणीस आणि कोबी आमचे. रताळं-बटाटा तुम्हाला. :)

जुनी खिडकी

गणेशपुरीच्या कुंडात लहानपणी रुमालात तांदूळ बांधून सोडायचो ते आठवलं. शिजले की नाही यावर भांडणं व्हायची.

ऑकलंडकर

निवांत, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण असं धरून चालतो की पर्यटन बाहेरून येऊन या लोकांवर लादलं गेलं. तिथला इतिहास उलटा आहे.

एकोणिसाव्या शतकात तारावेरा सरोवराजवळ गुलाबी आणि पांढऱ्या सिलिका-पायऱ्या होत्या. गरम पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत यायचं, माणसं त्या कुंडांत बसून आंघोळ करायची. ते बघायला युरोपातून बोटीनं, मग घोडागाडीनं, मग होडीनं लोक यायचे. त्यांना नेणारे, होड्या वल्हवणारे, दर ठरवणारे तुहोउरांगी होते. ते वाइरोआ या त्यांच्या गावातून सगळा कारभार चाले. हिनेमिही नावाच्या सभागृहातल्या कोरीव पुतळ्यांना शिंपल्यांच्या डोळ्यांऐवजी सोन्याची नाणी बसवली होती, एवढी कमाई होती.

१० जून १८८६च्या पहाटे तारावेरा ज्वालामुखी फुटला. पायऱ्या गेल्या, ते वाइरोआ राखेखाली गेलं, सुमारे १२० माणसं मेली, बहुतेक सगळी माओरी. सोफिया हिनेरांगी ही तिथली सगळ्यांत नावाजलेली वाटाडी. तिच्या झोपडीचं छप्पर उभ्या चढाचं आणि मजबूत होतं, तिथं साठेक माणसं जगली. काहीजण हिनेमिहीत जगले.

वाचलेल्यांना जवळच्या नातलग जमातींनी जमीन दिली. त्यातले बरेच फाकारेवारेवात आले. आणि आल्यावर त्यांनी पुन्हा तेच काम सुरू केलं, वाट दाखवण्याचं. सोफियाही इथं वाटाडी झाली. आज तुम्हाला गाव दाखवणारी मुलगी त्याच परंपरेतली पाचव्या-सहाव्या पिढीतली असू शकते. घर, जमीन, सरोवर, सगळं गेल्यावर या लोकांनी आपल्या हातातलं कसब धरून गाव उभं केलं. त्याला मी दिखाऊ म्हणू शकत नाही. यजमानपण हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे आणि तिकिटाचे दर ते स्वतः ठरवतात.

निवांत

हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या बसमध्ये कुणी सांगितलंही नाही. तुमचं म्हणणं पटतं. पण माझा अर्धा मुद्दा अजून उभा आहे. बोटीची सहल या सगळ्याला वेळच देत नाही. आमच्याबरोबरच्या माणसाचं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला चाळीस मिनिटं देणं हा यजमानांवर अन्याय आहे.

सरेवाली माधवी

ऑकलंडकरांनी हिनेमिहीचं नाव काढलं म्हणून लिहिते. ते सभागृह इथं इंग्लंडमध्ये, आमच्या सरे परगण्यात होतं! उद्रेकानंतर १८९२मध्ये तिथले गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी ते पन्नास पौंडांना विकत घेतलं आणि क्लँडन पार्कच्या आपल्या बागेत आणून उभारलं. मी राणीच्या काळात, म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी, ते पाहिलं. हिरवळीवर एकटंच, छप्पर गवताचं. पाटीवर जेमतेम दोन ओळी. ज्या घरानं त्या रात्री माणसं वाचवली, ते असं बागेत ठेवलेलं बघून पोटात तुटलं. २०१५मध्ये मुख्य वाड्याला मोठी आग लागली, हिनेमिही वाचलं. पुढे नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे वारसा जपणाऱ्या इथल्या संस्थेनं, त्याचं कोरीवकाम माओरींना परत द्यायचं मान्य केलं. अगदी योग्य झालं.

पाऊसवेडा

मॅगी पापाकुराबद्दलही वाचा. खरं नाव माकेरेती. फाकारेवारेवाचीच वाटाडी. १९०१मध्ये ब्रिटनचे राजपुत्र, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, आले तेव्हा त्यांना गाव हिनंच दाखवलं. पुढे इंग्लंडला गेली, ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकली, आणि आपल्याच लोकांवर प्रबंध लिहिला. सादर करण्याआधी १९३०मध्ये वारली. १९३८मध्ये तो पुस्तकरूपानं आला. ऑक्सफर्डनं २०२५मध्ये तिला मरणोत्तर पदवी जाहीर केली. आपल्या घराबद्दल परक्यांनी लिहिलेलं वाचण्यापेक्षा स्वतः लिहावं, असं ठरवणारी बाई. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे.

गोष्टवेल्हाळ

वाफ कुठून आली याची त्यांची गोष्ट कुणीच सांगितली नाही! 'ते आरावा' या होडीबरोबर हवाइकी या पूर्वजांच्या मूळ भूमीहून न्गातोरोइरांगी नावाचा पुरोहित आला. तो टोंगारिरो डोंगरावर चढला आणि बर्फात गोठायला लागला. त्यानं हवाइकीतल्या आपल्या बहिणींना हाक मारली: आग पाठवा. ते पुपु आणि ते होआता आग घेऊन समुद्राखालून, जमिनीखालून निघाल्या. मधे जिथं जिथं वर आल्या, तिथं तिथं गरम झरे आणि वाफ. फाकारी बेट, रोटोरुआ, मग टोंगारिरो. भूगर्भशास्त्रज्ञांचा ज्वालामुखी पट्टाही साधारण याच रेषेत आहे. भावासाठी बहिणी एवढी वाट करून आल्या, मला तर भाऊबीजच आठवते.

सांजवात

किती सुंदर लिहिताय सगळे. निवांत, तुमची वेळेची शंका माझ्याही मनात आहे. एक घाबरट प्रश्न: गोष्टवेल्हाळ यांनी फाकारी बेटाचं नाव घेतलं. आईनं तिथल्या अपघाताची बातमी पाहिली होती, तेव्हापासून 'ज्वालामुखी' म्हटलं की नकोच म्हणते.

खलाशी

मी बोटींवर काम केलं आहे, म्हणून उत्तर देतो. ९ डिसेंबर २०१९ला फाकारीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ गेले. पुष्कळसे टाउरंगाला लागलेल्या एका क्रूझचे प्रवासी होते, अशाच किनाऱ्यावरच्या सहलीला गेलेले. त्यानंतर बेटावर पर्यटक उतरवणं बंद झालं. तिथं माणसं जिवंत ज्वालामुखीच्या विवरात चालत होती. रोटोरुआचं गाव वेगळं, तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तरी पाणी आणि वाफ खरीच उकळती आहे. आखलेली वाट सोडायची नाही, कुंपणावरून वाकून फोटो काढायचा नाही. आईंना सांगा, हे दोन नियम पाळले की झालं.

आता बोटीची सहल की बाहेरची. टाउरंगा ते रोटोरुआ साधारण साठ-पासष्ट किलोमीटर, जायला तासाहून थोडं जास्त. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. बाहेरच्या गाडीसाठी थांबत नाही. पण स्थानिक छोट्या गाड्यावाले बोटींच्या वेळा सांभाळूनच धंदा करतात. आठ-दहा जणांची गाडी घेतलीत तर गावात दोन-अडीच तास निवांत मिळतात. परतीला दीड तासाची सैल वेळ ठेवा. आणि त्याच दिवशी मातामाताचं हॉबिटन, म्हणजे चित्रपटासाठी उभारलेलं गाव, जोडायचा मोह टाळा. दोन्ही होतं, पण दिवस बसमध्येच जातो.

कोकणी मासा

अवांतर: गीझर खरंच उसळतो की पर्यटकांसाठी कळ दाबतात? :)

धरणीधर

कळ नाही, पण माणसाचा हात त्यात आहे, तो असा. सत्तरच्या दशकात रोटोरुआतल्या घरांनी, हॉटेलांनी जमिनीत भोकं पाडून गरम पाणी फुकट ओढायचं प्रमाण फार वाढवलं. भूगर्भातला दाब उतरला, गीझर मंदावले. १९८६-८७मध्ये सरकारनं पोहुतुपासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करायला लावल्या. शहरात प्रचंड राग होता, लोकांची घरं त्या पाण्यावर तापत होती. पण दाब परत चढला आणि झरे हळूहळू जागे झाले. मी भूजलावर काम करतो. उपसा थांबवल्यावर झरे परत आले असं सांगता येणारी उदाहरणं फार थोडी असतात. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात बोअरवेल बंद करा म्हणून बघा.

गवतीचहा

स्वागताच्या वेळी काय करायचं, काय नाही, कुणी सांगेल का? यजमानांचा अपमान व्हायला नको.

ऑकलंडकर

जरूर. पोफिरी म्हणजे रीतसर स्वागत. पाहुण्यांतून एकाला प्रमुख निवडतात. योद्धा भाला परजत पुढे येतो, जमिनीवर फांदी किंवा पान ठेवतो. प्रमुखानं ते उचलायचं, नजर योद्ध्यावरच ठेवायची, पाठ फिरवायची नाही. 'मित्र म्हणून आलात की शत्रू म्हणून' हा तो प्रश्न आहे. यावेळी हसू नका. जीभ काढलेली पाहून आपली माणसं हसतात, यजमानांना ते लागतं.

मग बाईची हाक, कारांगा. ती आल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. सभागृहात चपला बाहेर, आत खाणंपिणं नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही. होंगी म्हणजे नाक आणि कपाळ टेकवून श्वास एक करणं. आईंना संकोच वाटला तर हात पुढे केला तरी चालतं.

आणि एक खास आपल्यासाठी: डोकं त्यांच्याकडे अतिशय पवित्र. गावातल्या पोरांच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवायची आपली सवय आहे. ती तेवढी आवरायची.

मुक्ता_७

पुढच्या रांगेत फक्त पुरुष बसतात, बायका मागे, आणि भाषणं पुरुषांचीच. हे कुणी लिहिलं नाही. मला ते खटकलं होतं आणि अजून खटकतं.

ऑकलंडकर

बऱ्याच जमातींत तसं आहे, आणि त्यावर तिथंही वाद आहे. १९९८मध्ये वाइतांगीला हेलन क्लार्क, तेव्हा विरोधी पक्षनेत्या, बोलणार होत्या. एका माओरी बाईंनीच हरकत घेतली: आम्हा बायकांना या मराएवर, म्हणजे सभागृहापुढच्या अंगणात, बोलता येत नाही, मग ही कशी बोलते? क्लार्क यांच्या डोळ्यांत पाणी आलं, देशभर चर्चा झाली. काही जमातींत बायका बोलतात. वाद त्यांचा आहे, ते घालताहेत.

मुक्ता_७

मान्य. हाकेचा मान बाईचा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, एकीनं दुसरी पुसली जात नाही.

जुनी खिडकी

पुलावरून पोरं नाणी मागत ओढ्यात उड्या मारतात, त्याबद्दल काय वाटतं? मला देववलं नाही. लहान मुलं पैशासाठी उड्या मारताना बघणं बरं वाटेना.

पाऊसवेडा

तो पुआरेंगा ओढा, पोरं गावचीच. आजी-आजोबाही लहानपणी तिथंच उड्या मारायचे. मी वाटाडीला विचारलं, ती म्हणाली, मीपण मारल्यात, त्या पैशाची आईस्क्रीमं खाल्लीत. मी नाणी टाकली. ज्यांना नको वाटतं त्यांनी टाकू नयेत, कुणी मागे लागत नाही.

निवांत

खलाशी यांनी सुचवलेली छोटी गाडी हा माझ्या तक्रारीवरचा खरा उपाय आहे. 'जाऊ नका' हे मत मागे घेतो. 'तीन बसगाड्यांबरोबर जाऊ नका' असं वाचावं.

तांबडं फुटलं

बोट बे ऑफ आयलंड्सला लागणार असेल तर वाइतांगी सोडू नका. ६ फेब्रुवारी १८४०ला तिथं ब्रिटिश आणि माओरी सरदारांचा करार झाला. कोरीव सभागृह आणि पस्तीस मीटरची युद्धहोडी आहे, दोन्ही १९४०च्या शताब्दीला तयार झालेली. बोटीच्या छोट्या होड्या जवळच उतरवतात, म्हणजे बस नको, वयस्कांना सोपं.

रग्बीचे चाहते असाल तर एक: ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा रग्बी संघ, वर्षानुवर्षं करत आलेला प्रसिद्ध 'हाका' हा आवेशाचा नाच न्गाती तोआ जमातीचे सरदार ते राउपराहा यांचा. २०१४मध्ये कायदा करून श्रेय त्या जमातीला दिलं गेलं. मंचावर बोलावलं तर जरूर जा, पण मनापासून करा, टवाळी नको.

बोरकूट

आमच्या बाबांना बोलावलं होतं. रिटायर्ड बँक मॅनेजर, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. असे काही ओरडले की योद्ध्यानं पाठ थोपटली. आई म्हणे, हा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. :)

सांजवात

ठरलं. फाकारेवारेवा, स्थानिक छोटी गाडी, हॉबिटन नाही. आईला सोफियाची गोष्ट वाचून दाखवली. आता तीच विचारते, त्या बाईचं घर कुठं होतं ते बघता येईल का?

ऑकलंडकर

ते वाइरोआ उकरून काढलेलं आहे, रोटोरुआपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. सोफियाच्या झोपडीची जागा तिथं दाखवतात. पण बोटीच्या एका दिवसात गाव आणि ते, दोन्ही धावपळीचं होईल. गाडीवाल्याला आधीच विचारा. हो म्हणाला तर गावातलं जेवण वगळून कणसावर भागवा.

गवतीचहा

शेवटचं विचारते. बोटीवरून उतरताना आईबाबांसाठी केळी, लाडू, दशम्या बरोबर घेतल्या तर चालतील?

खलाशी

अजिबात नाही. न्यूझीलंडची जैवसुरक्षा फार कडक आहे. फळं, मध, बिया, घरचं खाणं बोटीवरच ठेवा. न सांगता नेलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो, केळ्यालासुद्धा. बंदरावर कुत्रे हुंगत फिरतात. बुटांना माती असेल तर आदल्या रात्री धुऊन ठेवा. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. पाण्याची बाटली चालते.

गवतीचहा

धन्यवाद. दशम्या बोटीवरच संपवतो.